एप्रिल २०२० चे दोन हजार कुणाला आले, हे गावाला कळू शकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहिल्या लॉकडाऊनमध्ये सरकारने शेतकऱ्यांना मदत म्हणून दोन-दोन हजार टाकले. तुमच्या वडिलांच्या नावावर दीड एकर आहे, पण त्यांना काही आलं नाही. गावातल्या झेडपीच्या मास्तरांना आले, पुण्यात कंपनीत असलेल्या एकालाही आले. तुम्ही तहसीलला जाऊन त्या वेळची यादी मागितली, तर "ती वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही" असं उत्तर मिळालं. आता पुढे काय करायचं?

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो. म्हणजे पूर्वी अशा अर्जांना उत्तरं लिहायचो, आता अर्ज लिहितो. "वैयक्तिक माहिती" हे वाक्य मीही लिहिलंय, कधी बरोबर, कधी नुसतं काम टाळायला.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. ते आधी सोडवू, कारण दोघांची दारं वेगळी आहेत. वडिलांचे पैसे का आले नाहीत ही तक्रार झाली. तिला गावाची यादी लागत नाही, वडिलांच्या एका नोंदीचं कारण लागतं. पैसे कुणाकुणाला गेले हा हिशेबाचा प्रश्न, तो गावाचा. लोक दोन्ही एकाच कागदावर लिहितात आणि दोन्हींवर पाणी सोडतात. अर्जाची सुरुवात "माझ्यावर अन्याय झाला" अशी असली की कारकून तो तक्रारींच्या फायलीत टाकतो. माहितीचे तीस दिवस तिथेच संपतात.

मुळात ते दोन हजार म्हणजे काय होतं, तेही सांगतो. २६ मार्च २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलच्या सुरुवातीलाच दोन हजार देऊ असं होतं. हे पैसे पीएम-किसानचे. योजना २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आली. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. एप्रिल ते जुलैचा एक हप्ता तसाही यायचाच होता, तो अलीकडे ओढला. म्हणजे महामारीसाठी शेतकऱ्यांची वेगळी यादी कुणी केली नाही. फेब्रुवारी २०१९ ची यादी, तिच्यातल्या सगळ्या चुकांसकट, त्या एप्रिलमध्ये मदतीची यादी झाली. तुमच्या गावचा घोळ २०२० चा वाटतो, त्याचं मूळ वर्षभर आधीचं आहे.

ते मूळ मी जवळून पाहिलंय. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प, २४ फेब्रुवारीला गोरखपूरला उद्घाटन. मधल्या तीन आठवड्यांत जमिनीच्या खातेदारांच्या याद्या वर पाठवायच्या होत्या. आम्ही ८अ चे, म्हणजे कुणाच्या नावावर एकूण किती जमीन ते दाखवणारे, उतारे काढले, चावडीवर दवंडी दिली आणि आधार-पासबुकच्या झेरॉक्सचे गठ्ठे बांधले. ग्रामसेवक, कृषी सहायक आणि तलाठी एका खोलीत बसून रात्री अकरापर्यंत एक्सेलमध्ये नावं भरत होते. एकाच माणसाचं नाव सातबाऱ्यावर "ज्ञानोबा", आधारवर "ज्ञानदेव" आणि पासबुकात इंग्रजीत तिसरंच काही. ऑपरेटर म्हणायचा, "भाऊसाहेब, कोणतं टाकू?" मी म्हणायचो, "पासबुकातलं टाक, पैसे तिथेच येणार आहेत." तेव्हा ते बरोबर वाटलं. पुढे आधारशी जुळवणी सुरू झाल्यावर तीच नावं अडकली. आणि पात्रतेचं म्हणाल, तर शेतकऱ्याने स्वघोषणा द्यायची की मी आयकर भरत नाही, सरकारी नोकर नाही, पेन्शन दहा हजारांच्या आत आहे. ते तपासायला आमच्या हातात आयकराचा कसलाही डेटा नव्हता. सही घेतली, पुढचा माणूस बोलावला.

म्हणून तुमच्या मास्तरांबद्दल आणि पुण्याच्या माणसाबद्दल घाईने मत बनवू नका. दोघांची केस वेगळी आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक स्थानिक संस्थेचे नियमित कर्मचारी, म्हणून अपात्र. यात सूट फक्त चतुर्थ श्रेणीला. पुण्याच्या माणसाचं तसं नाही. खाजगी नोकरी म्हणून कुणी अपात्र होत नाही. मागच्या आकारणी वर्षात आयकर भरला असेल तरच अपात्र. पगार करपात्र मर्यादेच्या आत असेल आणि १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन त्याच्या नावावर असेल, तर गावात राहतो की पुण्यात याला योजनेत महत्त्व नाही. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. त्यामुळे जमिनीची वेगवेगळी खाती असलेल्या दोन सज्ञान भावांना दोन हप्ते येणं नियमात बसतं. गावाला ते खटकतं, ती गोष्ट वेगळी.

आता वडिलांचं बघू. इथे बरंचसं त्यांच्या नोंदीवर अवलंबून आहे, पण माझ्याकडे आलेल्या अशा केसेसमध्ये एक तारीख पुन्हा पुन्हा दिसते: १ डिसेंबर २०१९. त्या दिवसापासून हप्ता आधारशी जुळलेल्या नोंदीलाच मिळेल असा नियम लागला. त्याआधी नुसतं बँक खातं बरोबर असलं तरी भागायचं. समजा नावात एका अक्षराचा फरक होता, तर डिसेंबरपासून पैसे थांबले. माणसाला वाटलं, उशीर झाला असेल, मार्चमध्ये बघू. मार्चअखेर लॉकडाऊन लागला, आधार दुरुस्तीची केंद्रं बंद झाली, एसटी बंद झाली. एप्रिलमध्ये बँकेसमोर चुन्याची वर्तुळं आखून, त्यात चपला ठेवून लोक सावलीला बसलेले मला आठवतात. जनधनचे पाचशे काढायला आलेल्या बायका आणि किसानचे दोन हजार बघायला आलेले म्हातारे, एकाच रांगेत. एक आजोबा पासबुक छापून घेऊन आले आणि मला विचारलं, "साहेब, माझंच का नाही?" त्यांच्या नोंदीत आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत पावसाळा आला.

तेव्हा वडिलांचं काम असं करा. पीएम-किसानच्या पोर्टलवर लाभार्थी स्थिती उघडा, नोंदणी क्रमांक टाका. एकेका हप्त्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. "आरएफटी साइन्ड बाय स्टेट" असेल तर राज्याने पैसे सोडायला सांगितलेत. "एफटीओ जनरेटेड" म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश निघालाय. राज्याच्या मंजुरीची वाट असं काही असेल तर फाइल तालुक्यात किंवा जिल्ह्यात पडून आहे, आणि तिथे तगादा लावून उपयोग होतो. पीएफएमएसने, म्हणजे केंद्राच्या पैसे पाठवणाऱ्या संगणक यंत्रणेने, नाकारलं असेल तर चूक खात्यात किंवा नावात आहे. त्याला तहसीलदार काही करू शकत नाही, बँकेत जा. नोंदणीच सापडली नाही, तर मात्र २०१९ च्या त्या एक्सेलमध्ये वडिलांचं नाव गेलंच नव्हतं. मग मागच्या हप्त्यांवर हक्क सांगता येत नाही, ज्या चौमाहीत नाव चढेल तिथून पुढचे मिळतात.

नोंदणी असूनही पैसे अडकले असतील तर मात्र नियम शेतकऱ्याच्या बाजूने आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. अपात्रतेखेरीज दुसऱ्या कारणाने हप्ते थांबले असतील, तर अडचण दूर झाल्यावर थकलेले सगळे हप्ते मिळायला हवेत. काउंटरवर "मागचं गेलं, आता पुढचं बघा" असं सांगतात. ऐकून घेऊ नका, लेखी मागा. हेल्पलाइन १५५२६१ आहे, पण खरं सांगायचं तर नुसत्या हेल्पलाइनवर काम झालेलं मी क्वचित पाहिलंय. तालुक्यात कागद दिल्याची पोच हातात असली की फाइल हलते.

आता गावाचा प्रश्न. गंमत अशी की तहसीलने जी यादी "वैयक्तिक" म्हणून नाकारली, तशी यादी सरकारनेच गावनिहाय पोर्टलवर टाकली आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा, नावं समोर. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही यादी गावात प्रसिद्ध करायची असं आहे. पण पोर्टलवरची यादी आजची असते. एप्रिल २०२० ला जे यादीत होते आणि नंतर वगळले गेले, ते तिथे दिसणार नाहीत. तुमचे मास्तर बहुतेक आज त्या यादीत नसतीलच. त्यांनी पैसे परत केले, की नुसतं नाव निघालं, हे त्या पानावरून कळत नाही. पीएम-किसानची पारदर्शकता इथे अर्धीच आहे. कुणाला पैसे मिळतात ते दिसतं. कुणाला का मिळाले नाहीत, आणि कुणाकडून किती परत आले, हे गावपातळीवर कुठेच लावलेलं नाही.

वरच्या पातळीवरचे आकडे मात्र बाहेर आले, तेही विचारल्यावर. कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेचे व्यंकटेश नायक यांनी माहिती अधिकारात विचारलं. जानेवारी २०२१ मध्ये समोर आलं की जुलै २०२० पर्यंत २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी गेले होते. त्यात निम्म्याहून जास्त आयकरदाते. महाराष्ट्राचे २.८६ लाख. त्याच सुमारास तमिळनाडूत ऑनलाइन नोंदणीतून भलत्यांचीच नावं घुसवून सुमारे ११० कोटी उचलल्याचं उघड झालं आणि तपास तिथल्या पोलिसांच्या सीबी-सीआयडी शाखेकडे गेला. जुलै २०२१ मध्ये कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी लोकसभेत सांगितलेला आकडा ४२ लाखांवर अपात्र आणि २,९९२ कोटी असा होता. त्यात महाराष्ट्राचे सुमारे ४.४५ लाख लोक आणि ३५८ कोटी. हे सगळं वाचून गावकऱ्याला आपल्या गावाचं काय झालं ते कळत नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय.

मग अर्ज कसा लिहायचा? महाराष्ट्राच्या नियमांत एक विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे. जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून. मी साधारण असा लिहून देतो:

"विषय: पीएम-किसान, मौजे अमुक. कालावधी: १ डिसेंबर २०१९ ते ३१ जुलै २०२०. माहितीचा तपशील: १) या कालावधीत हप्ता वितरित झालेल्या लाभार्थ्यांची नावे व प्रत्येकी हप्त्यांची संख्या. २) नोंदणी असून हप्ता न मिळालेल्यांची कारणनिहाय संख्या. ३) नंतर अपात्र ठरलेल्यांची कारणनिहाय संख्या, बजावलेल्या नोटिसा व वसूल झालेली रक्कम. ४) लाभार्थी यादी ग्रामपंचायत फलकावर लावल्याचा दिनांक व त्याबाबतचा कागद. आधार क्रमांक, बँक खाते व मोबाइल क्रमांक नकोत."

शेवटचं वाक्य आवर्जून लिहा. नकार द्यायची सोपी सबब तिथेच संपते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यात मी मुद्दाम नावं मागत नाही. ज्याचे पैसे अडकले त्या बिचाऱ्याचं नाव गावभर कशाला? आणि नोटीस गेलेल्यांत अर्धे लबाड नसतात. आमच्या तालुक्यात आयकरदात्यांना नोटिसा निघाल्या तेव्हा एक निवृत्त कंडक्टर स्वतः पैसे घेऊन आले. अर्ज त्यांच्या मुलाने परस्पर भरला होता. "माझं नाव फलकावर लावू नका," एवढंच म्हणाले. संख्या कळली की प्रशासनाचा हिशेब होतो, माणसाची अब्रू राखली जाते. तुम्हाला मास्तरांचं नावच सिद्ध करायचं असेल तर ते पहिल्या मुद्द्यात येईलच.

माहिती अधिकार कायद्याचं बोलायचं तर पहिला आधार कलम ४(१)(ख)(बारा). अनुदानाच्या कार्यक्रमांत किती रक्कम वाटली आणि लाभार्थी कोण, हे कुणी न मागता प्रसिद्ध करायचं असं ते कलम म्हणतं. नकार येतो तो कलम ८(१)(ञ) खाली, इंग्रजी प्रतीत "जे". इथे परिस्थिती बदलली आहे, आणि जुने लेख वाचून अर्ज करणारे फसतात. पूर्वी त्या कलमात असं होतं की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खाजगी माहिती नाकारता येईल, पण विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने ते छाटून नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच ठेवलं, आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. माझ्या मते हे वाईट झालं. पण दार पूर्ण बंद नाही. कलम ४ तसंच आहे, आणि व्यापक जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी असं सांगणारं कलम ८(२) ही तसंच आहे. अपिलात हे दोन्ही लिहा, आणि जोडीला पोर्टलवरच्या तुमच्या गावच्या यादीचं पान छापून लावा. सरकारने जगाला दाखवलेली गोष्ट तालुक्यात गुपित कशी, हा प्रश्न सुनावणीत तोंडी विचारा. मी लिहून दिलेल्या दोन अपिलांत एवढ्यावर अधिकाऱ्यांनी माहिती द्यायला सांगितलं. तिसऱ्यात नाही सांगितलं, तेही नमूद करतो.

हा पेच आपल्याकडेच आहे असं नाही. युरोपियन युनियनमध्ये शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं इंटरनेटवर टाकत. जर्मनीतल्या काही शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने व्यक्तींची नावं सरसकट टाकणं रद्द केलं. पुढे नियम बदलले. नावं परत आली, पण लहान रकमा घेणाऱ्यांना नाव झाकण्याची सोय मिळाली. अमेरिकेत २०२० मध्ये शेतकऱ्यांसाठी कोरोना मदतीच्या पहिल्या फेरीत थेट वाटपाचे १६ अब्ज डॉलर होते, आणि तिथल्या सामान्य मर्यादेप्रमाणे एकाला अडीच लाख डॉलरपर्यंत मिळू शकत होते. तिथे मोठं कोण घेतंय हे बघायला नावं लागतात. आपल्याकडे सगळ्यांना सारखेच दोन हजार. म्हणून आपल्याकडे नावापेक्षा कारण जास्त महत्त्वाचं, असं मला वाटतं. वडिलांसारख्यांच्या नोंदी कोणत्या कारणाने अडल्या, एका सज्जात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, किती, हे बाहेर आलं असतं तर २०२० च्या एप्रिलमध्येच कुणीतरी दुरुस्तीचं शिबिर लावलं असतं.

आपल्याकडे असं काहीसं झालेलंही आहे. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्तीच्या याद्या फेब्रुवारी २०२० पासून विशिष्ट क्रमांकांसह बँकांत आणि गावांत लागल्या. शेतकऱ्याने आपला क्रमांक बघायचा, सेवा केंद्रात अंगठा द्यायचा, रक्कम मान्य नसेल तर तिथेच तक्रार नोंदवायची. लॉकडाऊनमध्ये अंगठ्याचं काम थांबलं आणि बरेच लोक लटकले. पण आपण कुठे लटकलो आहोत, हे निदान प्रत्येकाला माहीत होतं. पीएम-किसानमध्ये तेही कळत नव्हतं.

काही गोष्टी झटपट. माहिती अधिकारी नेमका कोण, हे तालुक्यावर आहे. कुठे तहसीलमधले नायब तहसीलदार, कुठे तालुका कृषी अधिकारी. चुकीच्या जागी गेला तरी कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत त्यांनीच पुढे पाठवायचा. तीस दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. "माहिती मोठी आहे" असं उत्तर आलं तर झेरॉक्सच्या मागे न लागता अभिलेख तपासणी, म्हणजे कार्यालयात बसून कागद बघणं, मागा. पहिला तास फुकट. त्या तासात लिहून घ्यायला एक शिकलेला पोरगा सोबत न्या.

आणि वडील जर खंडाने जमीन करत असतील, सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल, तर वरचं सगळं विसरा. ही योजना जमीनधारकाची आहे, कसणाऱ्याची नाही. त्या एप्रिलमध्ये भाजी बांधावर सडली ती कसणाऱ्याची, आणि दोन हजार आले मालकाला. त्याला कोणताही अर्ज पुरा पडत नाही. तुम्ही दीड एकर "नावावर" लिहिलंय म्हणून मी तसं धरलं नाही.

पुढची पायरी म्हणून वडिलांचं स्थितीचं पान उघडा आणि डिसेंबर २०१९ व एप्रिल २०२० या दोन हप्त्यांपुढे जे वाक्य असेल ते जसंच्या तसं इथे लिहा, इंग्रजीत असेल तर तसंच. आधार आणि मोबाइल क्रमांक खोडून. त्यावरून तुम्हाला तहसीलला जायचंय की बँकेत, ते सांगतो.